मिसिसिपीकाठी वीतभर बर्फ

न्यू ऑर्लिन्स
रविवार, २६ जानेवारी २०२५

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "काकू बर्फाला घाबरल्या नाहीत ना?" तुझ्याकडे आंब्याच्या बागेत फवारणीचा पंप धडधडत होता, माझ्याकडे पोरांचा कल्ला, म्हणून "नाही रे, मजेत आहे" एवढ्यावर विषय संपला. पण तो तेवढ्यावर संपण्यासारखा नाही. बाबा गेल्यापासून आईला इतकं खळखळून हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि हे तुला नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. फोटो पाठवलेत, ते पाहिले असशीलच. बाकीचं आता सवडीने वाच.

अमेरिका म्हटलं की तिकडे सगळ्यांना बर्फच आठवतो. आमच्या गावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. न्यू ऑर्लिन्स हरिद्वारच्या अक्षांशावर आहे, तेही सपाटीला. शहराचा बराच भाग तर समुद्रपातळीच्या खालीच आहे. लोकांच्या परसात केळी आहेत, कुंपणाला जास्वंद आहे, आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडच्यासारखाच घाम निथळतो. म्हणून तर आई इकडे यायला तयार झाली. शिकागोच्या मावशीने किती बोलावलं, पण "ती थंडी मला नाही सोसायची" म्हणून तिला नकार दिला आणि नोव्हेंबरात आमच्याकडे आली. सोबत एक स्वेटर, एक शाल.

बर्फ पडणार अशी कुजबुज आधीच्या आठवड्यात सुरू झाली. तेव्हा कोणाचा विश्वास बसेना, कारण इथे थंडी येते ती पाऊस निघून गेल्यावर. आधी पाऊस, मग तो ढग घेऊन समुद्राकडे सरकतो, आणि मागून कोरडी, निळ्याशार आभाळाची थंडी येते. तुझ्या मोहोराला हवी असते ना, अगदी तशी. तू नेहमी म्हणतोस की थंडीबरोबर ओल आली की मोहोरावर भुरीचा रोग आणि तुडतुड्यांची कीड आलीच. बर्फाचं नेमकं उलटं आहे. त्याला थंडी आणि ओल एकाच वेळी, एकाच जागी लागतात, आणि आमच्याकडे त्या दोघींची गाठ पडत नाही. या वेळी पडली. कॅनडाकडची ध्रुवीय हवा आधीच येऊन आमच्यावर बसली होती, आणि ती हलायच्या आत मेक्सिकोच्या आखातात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन त्याने समुद्राची सगळी ओल तिच्यावर आणून टाकली. राष्ट्रीय हवामान सेवेच्या लेक चार्ल्स इथल्या कार्यालयाने त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच हिमवादळाचा इशारा दिला. आमच्या लुईझियाना राज्यात हिमवादळ! ह्यूस्टनपासून फ्लोरिडापर्यंत सगळ्या किनाऱ्याला हा बर्फ पडला.

लोकांनी तयारी केली ती चक्रीवादळाची. तीच तयारी त्यांना येते, आणि चांगली येते. शेजारच्या आजीबाईंनी न्हाणीतलं टब पाण्याने भरून ठेवलं, बॅटरीचे सेल काढले, ब्रेड आणि दूध आणलं. शेवटी त्या आमच्या दाराशी येऊन आईला हाताच्या खुणांनी शिकवून गेल्या, की माणसं, जनावरं, नळ आणि झाडं या चौघांना जपायचं. इथली जुनी घरं विटांच्या ठोकळ्यांवर उचललेली असतात, पुरासाठी. पण त्यामुळे पाण्याचे पाइप घराखाली उघडे पडतात, आणि आतलं पाणी गोठलं की फुटतात. मी आणि थोरल्याने घराखाली रांगत जाऊन पाइपांना फोमच्या नळ्या चढवल्या, जिथे पुरल्या नाहीत तिथे जुने टॉवेल गुंडाळले. रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवायचे, वाहतं पाणी सहसा गोठत नाही म्हणून. आईला हे वाहतं पाणी काही बघवेना. तिने प्रत्येक नळाखाली पातेलं लावलं आणि भरलं की बादलीत ओतत राहिली. कढीपत्त्याच्या कुंड्या, तुळस आणि सत्सुमा संत्र्याचं लहान झाड असं सगळं स्वयंपाकघरात आलं. केळी मात्र बाहेरच राहिली. त्यांचं काय करणार?

मंगळवारी, २१ तारखेला, उजाडल्यावर सुरू झाला. आधी बारीक, वाऱ्याबरोबर आडवा. मग चांगला दाट. शाळा बंद, कचेऱ्या बंद, विमानं रद्द, सेंट चार्ल्स अव्हेन्यूवरची ट्राम बंद, आणि राज्यातून आडवा जाणारा आय-टेन महामार्गही बंद. या शहराकडे बर्फ हटवायची गाडीच नाही. कोणाच्या घरी फावडं नाही, बर्फात घालायचे बूट नाहीत. उत्तरेकडच्या गावांत सकाळी पाच वाजता बर्फ बाजूला सारून रस्ते मोकळे करतात आणि लोक कामाला जातात. आमच्याकडे सारायला काही नव्हतंच, त्यामुळे कोणाला कुठे जायचं नव्हतं. जो पडला त्यात सगळ्यांनी नुसतं राहायचं होतं.

आई खिडकीशी उभी होती. संक्रांतीला नेसलेली काळी चंद्रकला तिने त्या दिवशी पुन्हा नेसली होती, काळं उबदार असतं म्हणून. धाकटी तिचा हात ओढत होती. मी म्हटलं, आई, दारातूनच बघ, पाय घसरेल. तिने माझ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. तुझ्या वहिनीचं जाकीट, त्यावर माझं जाकीट, डोक्याला शाल, आणि पायांत? चपला घालून वीतभर बर्फात कसं जायचं? तेवढ्यात शेजारच्या आजीबाईंचा मुलगा रबरी बूट घेऊन आला. इथे कोळंबी पकडायला जाणारे लोक घालतात ते पांढरे, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे. आईने ते उलटेपालटे करून पाहिले. कोळंबीवाल्यांचे आहेत म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम फुलला. "मग चांगलेच असणार," म्हणाली. दोन जोड मोजे, त्यावर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या, त्यावर ते बूट, आणि आई पायऱ्या उतरली.

अंगणात जाऊन ती नुसती उभी राहिली. तोंड वर, डोळे मिटलेले. शाल मागे घसरली होती. काळ्या पदरावर पांढरे कण येऊन बसत होते, अगदी तिळाच्या हलव्यासारखे, आणि थंडी इतकी कोरडी होती की ते विरघळतही नव्हते. धाकटी एकेक कण बोटाने टिपून दाखवत होती. मग आईने डोळे उघडले आणि मला म्हणाली, "ह्यांना दाखवायला हवं होतं रे." आणि लगेच खाली वाकून मूठभर बर्फ उचलून माझ्या मानेत घातला. पक्या, त्र्याहत्तराव्या वर्षी!

मग आमची गल्लीच बाहेर आली. तुला सांगतो, नोव्हेंबरापासून आईला इथे एकच दुःख होतं. रस्त्यावर माणूस दिसत नाही, दिसला तर बोलता येत नाही. तिचं इंग्रजी "थँक्यू" आणि "नो शुगर" पर्यंत. आम्ही कामाला गेलो की ती आणि टीव्ही. पण त्या दिवशी अख्ख्या गल्लीत माहितगार असा कोणी नव्हताच. जन्मभर इथे राहिलेल्या माणसालाही बर्फावर पाय कसा टाकायचा ते माहीत नव्हतं, आणि आईलाही नव्हतं. जो तो दुसऱ्याचा हात धरून चालत होता. कोणी झाडूने गाडीवरचा बर्फ काढत होता, कोणी तव्याने पायऱ्या खरवडत होता. आईने आमची केराची सुपली आणली आणि आमच्या पायऱ्या मोकळ्या केल्या, मग आजीबाईंच्या केल्या, मग पलीकडच्या घराच्याही. लोक तिला टाळ्या वाजवून दाद देत होते.

दुपारी आम्ही नदीवर गेलो. आमच्या घरापासून मिसिसिपीचा बांध चालत जाण्यासारखा आहे, इथे त्याला लेव्ही म्हणतात. हे शहर इतकं सपाट आहे की मुलांना टेकडी कशी असते ते कळावं म्हणून १९३० च्या दशकात ऑड्युबन पार्कात मातीचा ढीग घालून एक टेकडी केली, माकड-टेकडी. त्यामुळे घसरायला उतार म्हणजे नदीचा बांधच. तिथे जत्रा लोटली होती. पोहण्याच्या तलावात तरंगायच्या रबरी गाद्या, पुठ्ठे, समुद्रावर घ्यायच्या फळ्या, एकाने तर होडी आणली होती. थोरल्याने घरून परात मागितली. आईने ठाम नकार दिला. पिठाच्या परातीवर बूड टेकायचं नाही म्हणजे नाही. तिने कपड्यांची प्लॅस्टिकची टोपली दिली, आणि ती परातीपेक्षा बरी निघाली, कारण धरायला कान होते. धाकटी तीत बसून इतक्या वेळा खाली गेली की टोपलीचा तळ तडकला. तुझी वहिनी एका अनोळखी बाईबरोबर एकाच रबरी गादीवर बसून खाली आली, आणि खाली पोचल्यावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नाव अजून माहीत नाही.

वाटेत सेंट चार्ल्स अव्हेन्यूचे ओक बघायला हवे होतेस. इथे ६ जानेवारीपासून मार्दी ग्रा या इथल्या मोठ्या सणाचा हंगाम सुरू होतो. मिरवणुकीतल्या रथांवरून मण्यांच्या माळा फेकतात, त्या झाडांत अडकून वर्षानुवर्षं तशाच लोंबत राहतात. जांभळ्या, हिरव्या, सोनेरी माळा, आणि प्रत्येक फांदीवर बर्फाची रेघ. शहराच्या जुन्या भागात बर्बन स्ट्रीटवर लोक चक्क स्की घालून हिंडत होते. एक पाद्री आणि काही नन यांची बर्फाच्या गोळ्यांची लढाई तर सगळ्यांच्या फोनवर फिरली. आईने ती कितीदा पाहिली, विचारू नकोस.

आता किल्ल्याचं. हे खास तुझ्यासाठी. लोक बर्फाचे माणूस करत होते, गळ्यात मण्यांच्या माळा घालत होते. थोरला म्हणाला, आपणही करू. आई म्हणाली, "माणूस कसला? किल्ला करू." तुला आठवतं, तुमच्या खळ्यात आपण लाल मातीचा रत्नदुर्ग करायचो, आणि ती दोन्ही घरचे चिरे उचलून आपल्याला तटबंदी लावून द्यायची? तोच करायचा ठरला. पण हा बर्फ पिठासारखा सुटा. थंडी फार असली की त्यात ओलावा नसतो, म्हणून तो बसतच नाही. मुठीत दाबला तरी उघडल्यावर भुगा. सगळे हिरमुसले. आईने आतून इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली. एक थर बर्फ, एक फवारा, तळहाताने थापायचं, थांबायचं. पाणी गोठलं की थर पक्का. पुन्हा वरचा थर. घोड्याच्या नालासारखा आकार, तिन्ही बाजूंनी समुद्र, टोकाला दीपगृह, आणि बालेकिल्ल्यावर भगवतीचं देऊळ. समुद्राच्या जागी थोरल्याने निळी चादर अंथरली. शेजारची पोरं येऊन हात लावायला लागली. त्यांना थोरला इंग्रजीत सांगत होता की हा आमच्या आजीच्या गावचा किल्ला आहे, आत देवी आहे, आणि या बाजूने गलबतं यायची. पक्या, त्या पोराने रत्नागिरी तीनदाच पाहिलीय, तीही मे महिन्यात, आंब्यांच्या पलीकडे त्याचं कशात लक्ष नसताना. हे सगळं त्याला आईने गेल्या दोन महिन्यांत कधी सांगितलं, मला पत्ताच नव्हता. मी बांधकाम सोडून ऐकत उभा राहिलो.

रात्री कुळथाची पिठी आणि गरम भात, वर खोबरेल तेल. आजीबाईंनी गंबोचं मोठं पातेलं पाठवलं. हा इथला दाटसर रस्सा. पीठ तेलात तांबूस होईपर्यंत परततात, त्यात भेंडी आणि कोळंबी. भेंडी आणि कोळंबी एकत्र हे ऐकून आईच्या कपाळाला आठी पडली, मग तिने दोनदा वाढून घेतलं आणि बदल्यात पिठी पाठवली. पोरांना कोकमाचं आगळ आणि साखर घालून ताज्या बर्फाचे गोळे करून दिले. इथले लोक आटवलेलं दूध आणि व्हॅनिला घालून त्याचं आइस्क्रीम करतात, तेही झालं.

आजीबाईंचं अजून सांगायचं राहिलं. त्यांना १९६३ चा बर्फ आठवतो. ३१ डिसेंबरला पडला होता, विमानतळावर २.७ इंच मोजला गेला, आणि आजवर तोच तिथला विक्रम होता. दुसऱ्या दिवशी इथल्या स्टेडियममध्ये शुगर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला तेव्हा मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग होते. त्या तेव्हा लहान होत्या, आणि वडिलांनी बर्फ पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवला होता. त्यानंतर २००४ च्या नाताळात थोडासा, २००८ च्या डिसेंबरात थोडासा, आणि आता एकदम ८ इंच. फ्लोरिडातल्या मिल्टनला तर ९.८ इंच पडला. त्या अख्ख्या राज्याचा जुना विक्रम ४ इंचांचा होता. आजीबाईंचं घर २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाच्या पुरात गेलं, लग्नाचे फोटोसुद्धा उरले नाहीत. त्या आईला सांगत होत्या, मी मधे बसून मराठीत सांगत होतो, आणि थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. हात हातात घेऊन दोघी आपापल्या भाषेत बोलत बसल्या.

सगळीकडे असं नव्हतं, हेही लिहायला हवं. बर्फावर अपघात झाले, थंडीने माणसं गेली. आजीबाईंची सून परिचारिका आहे. ती त्या दोन्ही रात्री रुग्णालयातच झोपली, कारण सकाळची पाळी रस्त्यावरून पोचू शकली नसती. आणि या शहरावर वर्षाच्या पहिल्याच पहाटे काय कोसळलं ते तू बातम्यांत पाहिलंस. बर्बन स्ट्रीटवर गर्दीत ट्रक घालून १४ जणांना मारलं. तेव्हापासून लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते. काल रस्ते मोकळे झाल्यावर आईला कॅनाल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर घेऊन गेलो. तिथे लोकांनी क्रूस, फुलं आणि फोटो ठेवलेत. फुलं भिजून काळी पडली होती. आईने प्रत्येक फोटोपुढे थांबून नमस्कार केला. त्या लोकांचे शेजारी, भाऊ, मित्र मंगळवारी त्याच रस्त्यावर एकमेकांना बर्फाने मारत हसत होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हसायला सगळ्यांना एकत्र काहीतरी हवं होतं, ते आभाळातून आलं.

आता जवळजवळ सगळा वितळला. किल्ल्याचा दीपगृहाकडचा बुरूज सावलीत होता, तेवढाच उरलाय. केळी काळ्या पडल्या, पण आजीबाई म्हणतात, कापून टाका, मार्चमध्ये बुंध्यातून कोंब येतील. एका घराचा पाइप फुटला. आमचे वाचले. कढीपत्ता सुखरूप.

तुझ्याकडे काय? पहिल्या मोहोराची गळ झाली म्हणालास, आता पुन्हा थंडी पडली तर पुनर्मोहोर येऊन आधीची कैरी गळेल अशी तुला धास्ती आहे. खरंच तसं होतंय का, ते कळव. आईचं तिकीट एप्रिलच्या अखेरचं आहे, म्हणजे तोडणी सापडेल. ती आत्तापासून मोजतेय. आमच्या घराच्या मागच्या पडवीची कौलं एकदा बघून ठेवशील का? गेल्या पावसात दोन सरकली होती.

आणि थोरल्याचं एक काम आहे. या दिवाळीला त्याला मातीचा किल्ला करायचाय, खराखुरा, पायऱ्यांचा. इथली माती नदीच्या गाळाची, काळी आणि चिकट. वाळली की भेगा पडतात. शेण मिळणार नाही. भुसा मिसळला तर चालेल का, आणि किती? बुरूज आतून पोकळ ठेवायचे की भरीव? हे सगळं तू त्याला मराठीत, मोठ्या अक्षरात लिही. आई वाचून घेईल त्याच्याकडून. इकडे येणारं कोणी सापडलं तर आळिवाचं बी आणि मावळ्यांची एक पिशवीही पाठव. घोडेस्वार जास्त असू देत, असा निरोप आहे.

वहिनींना आणि अप्पांना नमस्कार. छोटीला आशीर्वाद.

तुझा,
सद्या